पहिलं लायसन: लर्निंगपासून पक्क्या लायसनपर्यंत

लायसन काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती दिवसांत मिळेल?" माझ्या मते विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: पक्कं लायसन हातात पडेपर्यंत, शेजारी जाणतं माणूस बसवून, किती तास गाडी चालवून झालेली असेल? ट्रायल पास होणं फारसं अवघड नसतं. अवघड असतात त्यानंतरचे काही महिने, कारण तेव्हा शेजारची सीट पहिल्यांदाच रिकामी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. म्हणून या लेखात कागदपत्रांबद्दल थोडं आणि सरावाबद्दल बरंच आहे. दुचाकीचं तंत्र वेगळं असतं. इथे बोलतोय ते कारबद्दल.

वय आणि लायसनचा प्रकार

नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे सर्वांत आधी आपल्याकडच्या परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वयाची अट वाचा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे कारसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. १६ पूर्ण झालेल्यांना फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा आहे. ब्रिटनमध्ये कारसाठी १७ वर्षं लागतात. जर्मनीत १७व्या वर्षी लायसन मिळू शकतं, पण १८ पूर्ण होईपर्यंत आधी नोंदवलेली आणि किमान ३० वर्षांची व्यक्ती गाडीत असावी लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा.

वय वेगळं असलं तरी सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच दिसेल. आधी लेखी परीक्षा आणि लर्निंग लायसन, मग देखरेखीखाली सराव, मग रस्त्यावरची परीक्षा. काही देशांत तिच्यानंतरही लगेच पूर्ण मोकळीक मिळत नाही. न्यूझीलंडने ही टप्प्याटप्प्याची पद्धत १९८७ मध्ये आणली. तिथे मधल्या टप्प्यावरच्या चालकाला रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर सहसा कुणाला गाडीत बसवताही येत नाही. तुमच्याकडे असं बंधन नसलं, तरी हाच नियम पहिले काही महिने स्वतःला लावून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. त्याची कारणं पुढे येतील.

वय पूर्ण होण्याआधी गाडी हातात घेऊ नका आणि पालकांनीही ती देऊ नये. भारतात २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. शिवाय विनालायसन चालवताना अपघात झाला तर विम्याचा आधारही डळमळतो.

गिअरची गाडी शिकायची की ऑटोमॅटिक, हेही आत्ताच ठरवा. ब्रिटनसह बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसनही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. घरी गिअरची गाडी असेल, किंवा पुढे कुठली गाडी चालवावी लागेल हे सांगता येत नसेल, तर गिअरवर शिका. सुरुवातीचे दिवस क्लचशी झटण्यात जातील, पण नंतर कुठलीही गाडी हातात आली तरी अडणार नाही. मात्र क्लच आणि गिअर यांतच सगळं लक्ष अडकत असेल आणि रस्त्याकडे पाहणं होत नसेल, तर ऑटोमॅटिक घ्यायला अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका.

कागदपत्रं आणि डोळे

वयाचा पुरावा, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, फी आणि १८ पूर्ण नसतील तर पालकांची संमती, इतकं जवळपास सगळीकडे लागतं. अर्ज बहुधा अडतो तो नावामुळे. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नंतर, तिसऱ्यावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहा, आणि फरक असेल तर अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घ्या. फॉर्म भरायला कोणाची मदत घेतली तर हरकत नाही. "परीक्षेचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा" असं म्हणणाऱ्याला मात्र उभं करू नका. जे शिकायला हवं ते शिकायचंच राहून जातं आणि लायसन तेवढं खिशात येतं.

नजर तपासून घ्या, चष्मा लागत नाही असं वाटत असलं तरीही. ब्रिटनमध्ये परीक्षेच्या सुरुवातीलाच २० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते; नाही वाचता आली तर परीक्षा तिथेच संपते. हा प्रयोग घरच्या घरी करून पाहता येतो. मोठी २५-३० पावलं मोजून मागे जा आणि उभ्या गाडीचा नंबर वाचा. डोळे बारीक करावे लागत असतील तर डॉक्टर गाठा. चष्म्याची नोंद लायसनवर झाली की मग चष्म्याशिवाय चालवायचं नाही. रंग ओळखण्यात अडचण असेल तर आशा सोडू नका. भारतात २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन मिळू शकतं. फिट येणं, मधुमेह, चक्कर यांची माहिती मात्र फॉर्मवर खरीच द्या.

लेखी परीक्षा

ॲपमधली उत्तरं पाठ करून ही परीक्षा सुटते, पण मग ती चिन्हं रस्त्यावर दिसली की ओळखू येत नाहीत. आधी आकारांचा अर्थ समजून घ्या. बहुतेक देशांत लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, वर्तुळ हुकूम सांगतो, आयत माहिती पुरवतो आणि अष्टकोन म्हणजे थांबा. एवढं डोक्यात बसलं की न पाहिलेल्या चिन्हाचाही निम्मा अर्थ लागतो. सोबत चौकात आधी कोणी जायचं, लेनच्या अखंड आणि तुटक रेषा, ओव्हरटेक कुठे करायचं नाही आणि रुग्णवाहिकेला वाट कशी द्यायची, हे नीट करा. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

अभ्यासाचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसून फोन खिशात ठेवणं. दिसेल ते चिन्ह मनात वाचा आणि पुढच्या काही सेकंदांत काय होऊ शकतं याचा अंदाज बांधा. उभ्या रिक्षाचं दार उघडेल का? तो सायकलवाला खड्डा चुकवायला आत येईल का? ब्रिटनच्या लेखी परीक्षेत याच कौशल्याचा स्वतंत्र भाग आहे. १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागला की बटण दाबायचं असतं. लायसनचं वय व्हायला वर्षभर असलं तरी हा सराव आजपासून सुरू करता येतो.

कोणी शिकवायचं?

ड्रायव्हिंग स्कूल आणि घरचं माणूस, दोन्ही हवेत. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो आणि त्याला नवशिक्यांच्या चुकांची सवय असते. त्यामुळे पहिले धडे तिथेच घ्या. पण स्कूलचा ठरावीक दिवसांचा कोर्स म्हणजे सराव नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २५ वर्षांखालच्या नवशिक्याला परीक्षेआधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यातले २० तास रात्रीचे. तुमच्याकडे अशी सक्ती नसेलही, पण आकडा लक्षात ठेवा. एक वही करा. तारीख, किती वेळ, कुठला रस्ता, हवा कशी होती आणि आज काय नीट जमलं नाही, एवढं लिहा. महिन्याभराने ती वही चाळली की रात्रीचे तास जवळपास शून्य आहेत किंवा पावसात आपण कधी चालवलेलंच नाही, हे आपोआप दिसतं.

आता थोडं आईबाबांसाठी. शेजारी बसणाऱ्याकडे काय पात्रता हवी आणि नवशिक्याला गाडीचा विमा लागू आहे का, हे आधी तपासा. सूचना देताना जागा आधी सांगा आणि कृती नंतर: "पुढच्या सिग्नलला डावीकडे वळायचंय." "वळ, वळ, वळ!" असं ऐन वळणावर ओरडलात तर मूल दचकतं आणि स्टिअरिंग ओढतं. चूक झाली की चालत्या गाडीत तिची चिकित्सा करू नका. बाजूला सुरक्षित जागी थांबा, काय झालं ते त्याच्या किंवा तिच्या तोंडून ऐका, मग आपलं म्हणणं सांगा. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण तासाच्या वर ताणू नका. आणि तुम्ही स्वतः सीटबेल्ट न लावता, सिग्नलला फोन बघत गाडी चालवत असाल, तर ते मूल लहानपणापासून मागच्या सीटवरून पाहत आलंय.

चाकामागे बसताना

किल्ली फिरवण्याआधीची ही दोन मिनिटं पुढे फार कामाला येतात. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. बोटं जेमतेम पोचत असतील तर तुम्ही लांब आहात. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा. मानेला टेकणारं हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर काहीच कामाचं नाही.

मग आरसे. आतल्या आरशात मागची पूर्ण काच दिसायला हवी. बाहेरच्या आरशांत आपल्याच गाडीची बाजू निम्मा आरसा व्यापत असेल तर ते बाहेरच्या बाजूला वळवा. गाडीची फक्त कड दिसली तरी पुरे. हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी. सीटबेल्ट सगळ्यांचा, मागच्यांचाही. पायात पातळ आणि घट्ट बसणाऱ्या तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको.

क्लच

गिअरच्या गाडीत पहिल्या दिवशी फक्त हेच करा. सपाट, मोकळं मैदान, जिथे माणसांची आणि गुरांची ये-जा नाही. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, हँडब्रेक काढलेला आणि ब्रेकवर उजवा पाय. आता ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला हातच न लावता क्लच अगदी सावकाश सोडायला लागा. टाच जमिनीवर टेकलेली राहिली तर पाय थरथरत नाही. थोडं वर आल्यावर तीन गोष्टी एकामागोमाग जाणवतील: इंजिनचा आवाज खाली उतरतो, गाडीच्या अंगात बारीक थरथर येते आणि बॉनेट केसभर उचलल्यासारखं होतं. हाच तो बिंदू. पाय तिथेच धरून ठेवा. गाडी सरपटायला लागेल. दोन-तीन मीटर जाऊ द्या, क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा पहिल्यापासून.

बंद पडते ती गाडी या बिंदूच्या पुढे पाय झटक्यात सोडल्यामुळे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्यानंतरचा क्रम अंगात मुरवून घ्या: ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, पुन्हा चालू, आरसे, मग निघा. मागून कोणी हॉर्न वाजवत असला तरी क्रम बदलायचा नाही.

चढावरही हाच बिंदू कामाला येतो. हँडब्रेक ओढलेला, क्लच बिंदूपर्यंत, ॲक्सिलरेटर हलकासा. गाडी पुढे जायला ओढ घेतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे येता कामा नये. पण सिग्नलला हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय लावू नका, क्लच प्लेट झिजते. थांबलात की हँडब्रेक ओढा.

कुठले रस्ते, कुठल्या क्रमाने

मैदानावर गाडी सरळ चालायला, वळायला आणि ठरवलेल्या रेषेवर थांबायला लागली की शांत गल्ल्यांमध्ये या. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे रस्ते, मग सिग्नलचे चौक, मग गोल चौक. पुढच्या टप्प्यावर जायचं ते शेजारचा माणूस दोन-तीन फेऱ्यांत एकही सूचना न देता बसू शकला की. दिवस मोजून टप्पा ओलांडू नका.

परीक्षेत बहुधा इतकंच विचारतात. रोजच्या चालवण्यात मात्र रात्र, पाऊस, धुकं, हायवे, अरुंद पूल आणि समोरून प्रखर दिवे लावून येणारा ट्रकही असतो. हे सगळं एकदा तरी शेजारी कोणी असताना अनुभवून घ्या. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर दिव्यांकडे बघायचं नाही. आपल्या लेनच्या कडेच्या रेषेवर नजर ठेवायची आणि वेग कमी करायचा. पहिल्या पावसाच्या सरी फार फसव्या असतात, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा थर अजून धुऊन गेलेला नसतो.

नजर

नापास होणाऱ्यांचे हात-पाय बहुधा बरे चालतात, चुकते ती नजर. नवशिका बॉनेटच्या पुढचे चार-पाच मीटर बघतो, म्हणून त्याची गाडी नागमोडी जाते आणि ब्रेक उशिरा लागतो. नजर लांब ठेवा, रस्ता जिथे वळतोय किंवा दिसेनासा होतोय तिथपर्यंत. तिथून जवळ या, आरसे बघा, परत लांब. वळणावर जिथे जायचंय तिकडे पाहा. हात नजरेमागून आपोआप जातात.

आरसा कधी बघायचा? इंडिकेटर देण्याआधी, ब्रेक लावण्याआधी, लेन बदलण्याआधी, निघण्याआधी आणि दार उघडण्याआधी. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग कृती. आणि आरशात जे मावत नाही त्यासाठी मान वळवून खांद्यावरून बघायचंच. बाहेरचा आरसा आणि डोळ्याची कड यांच्यामध्ये एक अख्खी मोटरसायकल लपू शकते.

अंतराचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा, तो पुढे विसरला जात नाही. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण तेवढेच आणखी. वेग दुप्पट केला, म्हणजे १०० वर नेला, की पहिला भाग दुप्पट होतो, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं: २८ अधिक ५६, म्हणजे ८४ मीटर. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दुप्पटही होऊ शकतं. याच हिशेबाने फोनकडे बघा. ५० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनवर नजर म्हणजे २८ मीटर डोळे मिटून.

रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चारपर्यंत मोजा. मधल्या जागेत कोणी घुसेलच. घुसू द्या, आणि पुन्हा अंतर सोडा.

रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग उभी असेल तेव्हा त्यांच्या खालून बघा. दोन चाकांमधून पावलं दिसली तर एखादं मूल बॉनेटआडून बाहेर पडणार आहे. थांबलेल्या बसच्या पुढूनही माणसं अशीच येतात. अशा ठिकाणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला तरी तो एक सेकंद बराच वाचतो.

रिव्हर्स आणि पार्किंग

एकच मंत्र: गाडी मुंगीच्या चालीने, स्टिअरिंग लवकर. बहुतेकजण उलट करतात. रिव्हर्समध्ये वेग क्लचने सांभाळा आणि मुख्यतः मागच्या काचेतून बघा. कॅमेरा असला तरी परीक्षेत फक्त त्याच्यावर विसंबू नका. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच बाजूला गाडीचा मागचा भाग जातो. त्याच वेळी पुढचा भाग विरुद्ध बाजूला फेकला जातो, हे विसरलं की शेजारच्या गाडीला घासते.

दोन गाड्यांमध्ये कडेला लावायची असेल तर पुढच्या गाडीच्या बरोबरीने, साधारण हातभर अंतर ठेवून थांबा. आधी सगळीकडे बघून घ्या. मागे येताना तुमची मागची चाकं तिच्या मागच्या बंपरच्या आसपास आली की स्टिअरिंग कडेच्या दिशेने पूर्ण फिरवा. गाडी तिरकी आत शिरेल. मागच्या गाडीचा कडेपासून लांबचा दिवा आरशात दिसला की स्टिअरिंग सरळ करा, थोडं मागे या आणि पुढचा कोपरा समोरच्या गाडीपासून सुटल्याची खात्री झाली की विरुद्ध बाजूला पूर्ण फिरवा. प्रत्येक गाडीत हे बिंदू थोडे सरकतात. सरावाला खऱ्या गाड्यांऐवजी दोन खोके ठेवा. परीक्षेत एकदा पुढे घेऊन नीट करता येतं का, हे आधी विचारून ठेवा. ट्रॅकवर आठाचा आकार काढायचा असेल तर सूत्र तेच: हळू, आणि नजर पुढच्या वळणाकडे.

ट्रायलचा दिवस

शक्य असेल तर ज्या गाडीवर शिकलात तीच न्या. आदल्या दिवशी दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर आणि टायरमधली हवा तपासा. गाडीचे कागद, विमा, लर्निंग लायसन आणि 'एल'ची पाटी गोळा करून ठेवा. लर्निंगची मुदतही बघा. भारतात ती सहा महिन्यांची असते, आणि ते मिळाल्यावर ३० दिवस होईपर्यंत पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही. माझ्या मते तो एक महिना कमीत कमी आहे. वही सांगत असेल तेव्हाच तारीख घ्या.

परीक्षकाला दिसलं पाहिजे की तुम्ही बघताय. नुसते डोळे फिरवले तर त्याला कळत नाही, मान हलू द्या. हळू चालवून तो खूश होतो हाही गैरसमज आहे. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण रेंगाळणं ही चूकच धरली जाते. रस्ता चुकला तर घाबरून अचानक वळू नका. चुकीच्या वाटेने नीट गेलात तर बिघडत नाही. एखादी चूक झाल्यावर "गेलं आता" असं मनात धरून बसलात तर दुसरी तिथेच होते. ब्रिटनमध्ये १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, मात्र एक गंभीर चूक झाली की नापास. इतरत्र आकडे वेगळे असतील, पण परीक्षक शोधतो ते हेच: या माणसामुळे कोणाला धोका झाला का, किंवा कोणाला आयत्या वेळी बाजूला व्हावं लागलं का?

नापास झालात तर तिथल्या तिथे विचारा, नेमकं कुठे चुकलं. शब्द वहीत लिहून घ्या, कारण घरी पोचेपर्यंत फक्त वाईट वाटणं उरतं. "चौकात उजवीकडे पाहिलं नाही" असं लिहिलेलं असेल तर पुढचा आठवडाभर फक्त चौक करा. आणि घरच्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या मुलाचं उदाहरण देऊ नये.

लायसन मिळाल्यावर

पहिले काही महिने स्वतःसाठी नियम ठरवा आणि घरी सांगून ठेवा. समवयस्क मित्रमैत्रिणींनी गाडी भरायची नाही. किशोरवयीन चालकाबरोबर समवयस्क प्रवासी वाढले की जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. टप्प्याटप्प्याच्या लायसनमध्ये प्रवाशांवर बंधन आहे ते त्यामुळेच. सुरुवातीला एकटे चालवा किंवा आईला, काकांना बसवा. "हळू घे" असं म्हणणारं कोणी गाडीत असलं की चिथावणारं कोणी नसतं. रात्री उशिरा चालवायचं टाळा. झोप येत असेल तर काच उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही, गाडी बाजूला घ्यावी लागते. दारूचा एक घोटही नको, आणि प्यालेल्या माणसाच्या गाडीतही बसू नका. घरी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: मध्यरात्री "मला न्यायला या" असा फोन आला तर त्या वेळी प्रश्न नाहीत, चर्चा दुसऱ्या दिवशी.

फोन सायलेंट करून मागच्या सीटवर किंवा डिकीत टाका. नकाशा हवा असेल तर निघण्याआधी लावा आणि फक्त आवाज ऐका.

हायवेवर पहिल्यांदा जाताना पुन्हा जाणत्याला शेजारी बसवा, लायसन असलं तरी. आत शिरतानाच्या पट्ट्यावर वेग वाढवून मुख्य रस्त्याच्या वाहतुकीशी जुळवायचा, तोंडाशी येऊन थांबायचं नाही, हे वाचून कळतं पण केल्याशिवाय जमत नाही.

गाडी कुठे ठोकली गेलीच, तर थांबा. पळून जाणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. चारही इंडिकेटर लावा, कोणाला लागलंय का बघा, लागलं असेल तर आधी रुग्णवाहिका आणि पोलीस. जखमीला उगाच हलवू नका, आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका असेल तरच हलवा. मग त्रिकोणी फलक मागे ठेवा, फोटो घ्या, समोरच्याचं नाव, गाडीचा नंबर आणि विम्याचा तपशील लिहून घ्या. रस्त्यावर वाद घालायचा नाही आणि चूक कोणाची यावर सही करून द्यायची नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. रुग्णवाहिका, पोलीस आणि विमा कंपनी यांचे फोन नंबर आजच एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा, फोनची बॅटरी संपलेली असेल तेव्हासाठी.